तुझ्या पाठीवरचे चार बोल्ट

दौलत, परवा तुला तिरडीवर बांधताना तुझा उजवा हात काही सरळ होईना. कोपरात दुमडलेला, मूठ खांद्याच्या वर आलेली. तुझ्या थोरल्या जावयाने दाबून पाहिलं, मग आणखी कुणीतरी कोपराखाली गुडघा लावला. हाड करकरलं तशी सुभद्रावहिनी ओसरीवरून ओरडली, "सोडा त्याले! आठ वर्षं नाई झाला सरळ, आता कायले मोडून राह्यले?" मग तुला तसंच नेलं. पांढऱ्या कापडाखाली ती मूठ उभी होती. वाटेवरची माणसं आधी तिच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे. निदान मला तसं वाटलं.

मी सगळ्यांच्या मागे चालत होतो. कोटाच्या खिशात तो पाना होता.

तुझं वय काय, जिनिंगमध्ये तू किती वर्षं फिटर होतास, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. गावाला ते पाठ आहे. गावाला जे माहीत नाही तेवढंच लिहायला बसलो आहे, आणि वहिनीला विचारून बसलो आहे. ती म्हणाली, "लिवा. पन अर्धं नोका लिवू."

तुझी माझी ओळख फळ्यामुळे झाली. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या अंगाला, सरकारी सूचना लिहिण्यासाठी दिलेला तो मोठा फळा. सूचना महिन्यातून एखादी यायची. एरवी फळा रिकामा, म्हणून दर शनिवारी मी त्यावर रंगीत खडूने चित्रकथा काढू लागलो. सहा चौकटी, प्रत्येकीखाली दोन ओळी. नायक वीर जयवंत: घोड्यावर बसणारा, गोरा, सरळ नाकाचा. आणि त्याचा वैरी पोलाद्या: अंगभर लोखंडी चिलखत घालणारा, त्या चिलखतात यंत्रं बसवणारा, एका बुक्कीत बुरूज पाडणारा दुष्ट संशोधक. बाजाराहून परतणारी माणसं थांबायची. ज्यांना वाचता येत नव्हतं ती पोरांकडून ओळी वाचून घ्यायची. जयवंताने पोलाद्याला ठेचलं की टाळ्या पडायच्या. मला त्या टाळ्या फार आवडायच्या, दौलत.

तू शनिवारच्या एस.टी.ने दिग्रसहून घरी यायचास. एका शनिवारी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तू फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलास.

"मास्तर, हा तुमचा पोलाद्या हात कसा उचलते?"

"यंत्राने."

"कोन्त्या?"

"असतं एक यंत्र."

"असतं म्हनजे? दोन मन लोखंड अंगावर घेतलं तर बसलेला मानूस उठत नाई बाप्पा, अन् ह्यो बुरूज पाडून राह्यला!"

मी चिडून तुझ्या हातात खडू दिला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तू एक मोटर काढलीस, खांद्यावर एक कप्पी, कप्पीवरून कोपरापर्यंत तारेचा दोर. उचललेलं वजन मध्येच सुटून खाली येऊ नये म्हणून एक दातेरी चाक आणि त्याला एक अडणी. अर्ध्या घटकेत माझा पोलाद्या खरा झाला. पुढच्या शनिवारपासून त्याचं चिलखत तुझ्या डोक्यातलं आणि चित्र माझ्या हातचं, असं सुरू झालं.

पोलाद्याचा चेहराही हळूहळू तुझा होत गेला. त्या जाड भुवया, हनुवटीवरचा तो जुना व्रण. "ठरवून केलं नाही," असं मी तुला म्हणालो होतो. मी खोटं बोललो. जयवंतासाठी मला तुझा चेहरा एकदाही सुचला नाही, आणि पोलाद्यासाठी दुसऱ्या कुणाचा सुचला नाही, एवढंच खरं. तू ते ओळखलंस आणि हसलास. पण भांडण मात्र सोडलं नाहीस.

"काहून मास्तर, जो बनवते तोच राक्षस? तुमच्या जयवंतानं आजपर्यंत काय बनोलं सांगा. घोडा बी त्याच्या बापाचा!"

"लोकांना दुष्ट हरलेला आवडतो."

"एकडाव जिकू द्या ना त्याले. एक शनिवार. बाकीचे सारे तुमच्या जयवंताचे."

"पाहू," मी म्हणायचो.

तू मला अखेरपर्यंत 'तुमी' म्हणालास. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत आलो. आता तुला उद्देशून लिहितानाही तेच तोंडात आलं. बदलायला हवं होतं तेव्हा बदललं नाही, म्हणून आता तसंच ठेवतो.

त्या काळात तू परसात खरंच एक चिलखत बनवू लागला होतास. सुरुवात चिलखताची नव्हती. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून हमालांच्या पाठी पस्तिशीतच वाकतात, त्यांच्यासाठी काही करायचं तुझ्या मनात होतं. गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्या गोळा करून तू अंगावर चढवायचा एक सांगाडा जोडलास. एका मोडक्या लॉरीची बॅटरी आणि सेल्फ-स्टार्टरची मोटर मिळवलीस. एकदा तो सांगाडा घालून तू ज्वारीचं भरलेलं पोतं एका हाताने उचललंस तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून हसली होती. "आता दळन बी ह्यायलेच सांगतो," म्हणाली.

मी तेव्हा तुला विचारलं, "याचा कच्चा भाग कुठे आहे?" मला शनिवारची गोष्ट संपवायची होती. जयवंताने जिंकावं कसं, हे मला सुचत नव्हतं. तू कारागिराच्या प्रामाणिकपणाने उत्तर दिलंस, जसं डॉक्टरने विचारलं तर माणूस देतो.

"डाव्या काखेत. बटन डाव्या हातात, बॅटरी पाठीवर. मधातली तार ढिलीच ठेवा लागते, नाईतर हात हालत नाई. थे तार ओढली का खेळ खलास. मंग आतला मानूस उंदरावानी सापडला."

"मग त्याने चिलखत काढून टाकावं."

"कसं काढन? पाठीवर चार बोल्ट हायेत. दुसऱ्याच्या हातानंच निघतात."

पाचव्या चौकटीत मी जयवंताच्या तोंडी मोठ्या लाल अक्षरांत घातलं: 'डाव्या काखेतली तार ओढा!' सहावीत पोलाद्या आडवा. टाळ्या.

नागपूरला जाऊन तुम्ही दीक्षा घेतल्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. नाल्यातला तुमच्या वस्तीचा झिरा आटला. चावडीपुढच्या विहिरीला पाणी होतं. कायद्याने ती विहीर सगळ्यांची होती. तशी सूचना आली होती आणि ती फळ्यावर मीच लिहिली होती, सुवाच्य अक्षरात. शनिवारी ती पुसून मी चौकटी आखल्या.

वहिनी आणि आणखी तिघी रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन विहिरीवर गेल्या. वहिनीचाच पितळी गुंड हिसकून तिच्या डोक्यात घातला. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. ती खाली बसली, पदर डोक्याला दाबला, आणि दाबलेल्या पदरातून रक्त तिच्या कोपरापर्यंत उतरलं. घालणारा माझा मेहुणा बापूराव होता. संध्याकाळी तो माझ्या घरी जेवायला होता. मी त्याला वाढलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा आरडाओरडा करशील असं मला वाटलं होतं. तू पाटावर बोटाने चौकोन काढत बसलास आणि म्हणालास, "मी जातो हिरीवर. मार तर बसनारच हाय, मास्तर. मंग हाडायवर काहून बसू देऊ?"

तू सांगाड्याला छातीवर, पोटावर, मांड्यांवर पत्रा जडवलास. डोक्याला तेलाच्या डब्याचं टोपडं, डोळ्यांपुरती फट. माझ्याकडे तू एकच काम दिलंस: निघताना पाठीवरचे चार बोल्ट आवळायचे, मागोमाग यायचं, आणि पाणी भरून झालं की खोलायचे. वस्तीतल्या कुणाच्या हाती पाना दिसला असता तर हत्यार आणलं म्हणून बोंब झाली असती. मास्तरच्या खिशात कोण हात घालणार?

सकाळी आठाच्या सुमारास मी बोल्ट आवळले. दोन खांद्यांवर, दोन कमरेच्या वर. "कसून आवळा," तू म्हणालास, "ढिले राह्यले तर काठी आत घुसते." मी कसून आवळले.

पहिला अर्धा तास तुझा होता. तो कुणी तुझ्याकडून घेऊ शकणार नाही. पत्र्याचा खणखणाट करत तू चावडीपुढे आलास तेव्हा पारावरची माणसं उठून पळाली, एकाची चप्पल तिथंच राहिली. तू विहिरीच्या काठावर उभा राहून बटण दाबलंस. मोटर घरघरली, तुझा उजवा हात वर गेला आणि त्याच्याबरोबर पाण्याने भरलेला गुंड. एकही थेंब सांडला नाही. चार गुंड भरले. डोक्याला पट्टी बांधलेली वहिनी तुझ्या मागे उभी होती. गुंडात ओंजळ बुडवून ती पाणी प्यायली, सगळ्यांसमोर.

पाचवा गुंड वर येत असताना कुणीतरी हसलं. "अबे, ह्यो तर पोलाद्या हाय! मास्तरचा पोलाद्या!"

भीती गेली. हसण्याने गेली. पळालेली माणसं काठ्या घेऊन परत आली. पहिल्या काठ्या पत्र्यावर वाजल्या आणि तू डगमगला नाहीस. कुणी दगड आणले. शाळेची पोरं कुंपणावर चढली होती, माझीच पोरं, आणि त्यांतल्या एकाने आनंदाने किंकाळी फोडली: "डाव्या काखेतली तार ओढा!" मग दुसऱ्याने. मग मोठ्यांनी. माझी लाल अक्षरं गावाच्या तोंडी होती.

बापूरावने तार ओढली.

मोटर थांबली. तुझा उजवा हात वर उचललेलाच राहिला, अडणी दात्यात बसली होती. पाचवा गुंड सुटून विहिरीत पडला. त्यांनी तुला मागून ढकललं आणि तू काठावर पालथा आपटलास. पाठीवरच्या बॅटरीवर दगड बसला, ती फुटली. तेजाब मानेच्या फटीतून आत, तुझ्या पाठीवर उतरू लागलं. दौलत, तोपर्यंत तू ओरडला नव्हतास. तेव्हा ओरडलास. ते ओरडणं पत्र्याच्या आतून येत होतं, जणू जमिनीखालून. आणि त्या उचललेल्या हाताच्या कोपरावर ते कुदळीच्या दांड्याने मारत होते, कारण तेवढाच भाग उघडा होता. मारताना मोजत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटत होतं शनिवार आहे.

मग तू हाक मारलीस. "मास्तर! पाना!"

मी दहा पावलांवर होतो. पाना माझ्या कोटाच्या उजव्या खिशात होता, माझी मूठ त्याच्यावर आवळलेली होती.

"मास्तर! पाना! जळून राह्यलो!"

बापूराव घामाने निथळत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "काय म्हनून राह्यला थो?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

तिसऱ्यांदा तू नुसतं "मास्तर" म्हणालास. त्यानंतर काही म्हणाला नाहीस.

वस्तीतली माणसं येईपर्यंत, लोहार छिन्नी घेऊन येईपर्यंत, उजव्या बाजूच्या पट्ट्या एकेक तोडून तुला बाहेर ओढेपर्यंत घटका गेली. चार बोल्ट काढायला मला तितका वेळ लागला नसता. तुला बाहेर काढलं तेव्हा सदरा पाठीला चिकटून आला, आणि सदऱ्याबरोबर बाकीचं. मी ते पाहिलं. मी तिथेच होतो. मी कुठेही गेलो नव्हतो, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल आणि तेच सगळ्यांत वाईट आहे.

यवतमाळच्या दवाखान्यात पोलिसांनी तुला विचारलं, बोल्ट खोलायचा पाना कुठे होता? तू म्हणालास, "माह्यापाशी होता. हिरीत पडला." त्यांनी विहिरीत माणूस उतरवला. पाचवा गुंड सापडला, पाना सापडला नाही. गाळात गेला असेल, असं लिहून घेतलं. महिनाभर शिपाई विहिरीवर बसला, मग तो गेला, आणि त्यानंतर तुमच्या बाया पाणी भरत राहिल्या. आजही भरतात. बापूरावला शिक्षा झाली, सुटून आल्यावर त्याने माझ्या घरी येणं सोडून दिलं, कारण कोर्टात मी त्याचं नाव घेतलं होतं. त्याबद्दल तुमच्या वस्तीने माझा मान ठेवला. मला लग्नकार्यात पहिल्या पंगतीत बसवलं. मी बसलो, जेवलो. दर वेळी तोच कोट घालून.

फळ्याबद्दल मी तुझ्याकडे माफी मागितली. ती मागणं सोपं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तू म्हणालास, "पोट्ट्यायच्या ध्यानात राह्यलं, म्हनजे तुमी चांगलंच काढलं होतं." मी चित्रकथा बंद केली. तुझा उजवा हात गेल्यावर जिनिंगने तुला फिटरचं काम दिलं नाही, गाठी शिवणाऱ्यांत बसवलं, कापसाच्या धुळीत. तरी तू दर शनिवारी एस.टी.तून उतरून फळ्यापाशी यायचास. आठ वर्षं. फळा रिकामा असायचा. तू उभा राहायचास, मी बाहेर यायचो, आपण पाऊसपाण्याचं बोलायचो. शेवटी तू विचारायचास, "मंग, मास्तर? काई सांगता?" आणि मी म्हणायचो, "नाही रे, काही नवीन नाही." मला वाटायचं तू पोलाद्याच्या जिंकण्याच्या गोष्टीबद्दल विचारतोस. शेवटच्या वर्षी तर खोकल्याने तुला बोलता येत नव्हतं, तेव्हा तू नुसती हनुवटी वर करायचास.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात तूर पाखडत होती. मी पाना तिच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, हा विहिरीत पडला नव्हता. माझ्या खिशात होता. त्याने तीनदा हाक मारली. मी ऐकली."

सूप थांबलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"मी तिथंच होती ना, मास्तर. तुमच्या खिशातून ह्याचं तोंड बाहीर दिसत होतं. मी बोंबललीही असती. पन मले दोघायनं धरून ठेवलं होतं, अन् तोंड दाबलं होतं."

"मग नंतर? पोलिसांना का नाही सांगितलं?"

"यायनं सांगू नाई देल्लं. दवाखान्यात पालथे पडले होते, तशातच म्हने, मास्तरचं नाव घेऊ नोको. मास्तर येतीन अन् सोता सांगतीन. तवरोक पाना हिरीत." तिने खडे वेचून बाजूला टाकले. "दर शनिवारी थे तिथं जाऊन काहून उभे राहत, तुमाले काय वाटलं? फळा पाहाले?"

मी खाली बसलो. 

ती उठली. गोठ्यामागे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखालून तिने ते ओढून आणलं. पोलिसांनी परत केलेलं चिलखत. उजवी बाजू छिन्नीने फाडलेली, पाठीचा पत्रा तेजाबाने खाल्लेला, आणि पाठीवर चारही बोल्ट, मी त्या सकाळी आवळले होते तसे. लोहाराने कडेने कापलं होतं. त्यांना कुणी हात लावलाच नव्हता. ती म्हणाली, "पाना आनला ना? मंग खोला."

मी पाना लावला. पहिला खांद्यावरचा, तो करकर वाजला आणि सुटला. दुसऱ्याला माझ्या तळहाताची साल निघाली. तिसऱ्यापाशी सूर्य कलला. वहिनी तूर पाखडत राहिली, मधेच एकदा तिने पाणी आणून दिलं, त्याच विहिरीचं. मी प्यायलो. तिने मला माफ केलं असं मी समजत नाही, तिने तसं म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तीन निघाले, दौलत. चौथा डाव्या कमरेवरचा, गंजून पत्र्यात रुतला आहे. लोहाराकडे नेऊ का म्हणालो, तर वहिनी म्हणाली, "कापाचा नाई. खोलाचा." त्याच्यावर रॉकेल टाकून ठेवलं आहे. उद्या शनिवार. मी येतो.